विश्लेषण : कॅज्युअल्टीत रुग्ण ताटकळतात, पण रांग नेमकी अडते कुठे?

मुंबईतील केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीतील गर्दीचा विषय निघाला की दोन उपाय हमखास सुचवले जातात : डॉक्टर वाढवा आणि केसपेपरच्या खिडक्या वाढवा. दोन्ही गरजेचेच आहेत. पण मोठ्या रुग्णालयांत खरी कोंडी अनेकदा तपासणीनंतर होते. डॉक्टरांनी पाहिलेले असते, सलाईन सुरू असते, दाखल करायचेही ठरलेले असते. वॉर्डात खाट मात्र रिकामी नसते. मग रुग्ण ट्रॉलीवरच राहतो आणि नव्याने आलेल्याला ट्रॉली मिळत नाही.

गणित काय सांगते?

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांचा एक साधा नियम सिद्ध केला. आतली सरासरी गर्दी म्हणजे तासाला येणारे रुग्ण गुणिले प्रत्येकाचा सरासरी मुक्काम. समजा, तासाला १० रुग्ण येतात आणि प्रत्येक जण ३ तास थांबतो, तर आत ३० जण असणारच. मुक्काम २ तासांवर आणला की २० उरतात, तेही एकही ट्रॉली न वाढवता. येणाऱ्यांना अडवता येत नाही. मुक्काम कमी करता येतो.

ट्रायाजने प्रश्न सुटतो का?

अर्धाच. रुग्णांची लाल, पिवळी, हिरवी अशी वर्गवारी केली की हार्ट अटॅकचा रुग्ण पाय मुरगळलेल्याच्या मागे थांबत नाही. त्याने जीव वाचतात, म्हणून ते हवेच. पण ट्रायाज क्रम बदलतो, रांग संपवत नाही.

इंग्लंडने घड्याळ लावून पाहिले. ९५ टक्के रुग्णांचा ४ तासांत निकाल लावायचा, असे तिथल्या एनएचएसचे उद्दिष्ट. २०१५ नंतर देशपातळीवर ते गाठता आलेले नाही. एक मोठे कारण ओळखीचे आहे : बरे झालेले वृद्ध रुग्ण घरी देखभालीची सोय नसल्याने वॉर्डातच अडकतात.

इथे काय करता येईल?

सुरुवात डिस्चार्जपासून. राऊंड सकाळी होतो. कार्ड लिहून, औषधे घेऊन, नातेवाईक येईपर्यंत संध्याकाळ होते. तोवर खाट अडलेलीच. कार्ड लिहिण्याचे काम निवासी डॉक्टरांच्या डोक्यावरून काढून लिपिकाकडे द्यावे, डॉक्टरांनी तपासून सही करावी. उद्या कोण घरी जाणार, हे नातेवाइकांना आदल्या संध्याकाळीच सांगावे. याला नवी इमारत लागत नाही, कदाचित म्हणूनच त्याची घोषणा होत नाही.