सातबाऱ्यावर नसलेली रोजी

भूगोलाच्या तासाला कोयना धरण शिकवताना आम्ही मुलांकडून ठरावीक गोष्टी पाठ करून घेतो. तालुका पाटण, जिल्हा सातारा, धरणाची उंची १०३ मीटर, जलाशयाचे नाव शिवसागर, साठा सुमारे १०५ टीएमसी. हे सारे खरे आहे आणि महत्त्वाचेही. कोयनेच्या विजेने महाराष्ट्राचे कारखाने चालले, घरे उजळली. पण आज पाणी आहे तिथे पूर्वी गावे होती. तिथली माणसे कशावर जगत होती आणि गाव गेल्यावर कशावर जगली, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. या महिन्यात त्याच प्रश्नाबद्दल बोलू या, कारण तो आपल्या घरांपर्यंत येऊन पोहोचतो.

कोयनेचे धरण १९६०च्या दशकात पुरे झाले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा राज्यात १९७६ साली झाला. म्हणजे कोयनेची माणसे उठली तेव्हा त्यांच्या पाठीशी असा कायदाच नव्हता. कुणाला सातारा-सांगलीत, कुणाला सोलापुरात, तर कुणाला घाट उतरून रत्नागिरी, रायगड, ठाण्याकडे जावे लागले. डोंगरातल्या माणसाची शेती उतारावरच्या नाचणीची, वरीची, ओढ्याकाठच्या भाताची. जोडीला गुरे, रानातला हिरडा, मध, सरपण आणि घरातल्या एखाद्याची मुंबईहून येणारी मनीऑर्डर. अशा माणसाला कमी पावसाच्या काळ्या रानात जमीन दिली, तर कागदावर पुनर्वसन झाले. पण त्याचे भाताचे ज्ञान तिथे काय कामाचे? ज्वारीचा हंगाम, काळ्या मातीची ओल, सारे पहिल्यापासून शिकायचे. रानातून फुकट येणाऱ्या सरपणाला आता दाम मोजायचे.

जे वरच्या अंगाला राहिले, त्यांचीही परवड थांबली नाही. ११ डिसेंबर १९६७ला भूकंप झाला. १९८५मध्ये अभयारण्य जाहीर झाले आणि २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. रानात जाण्या-चारण्यावर बंधने आली. श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली कोयनेच्या धरणग्रस्तांना अलीकडच्या वर्षांतही जमिनीसाठी ठिय्या द्यावा लागला. आजोबांचे गाव गेले आणि हक्कासाठी नातू बसला.

ही झाली जमीन असलेल्यांची गोष्ट. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यांचे काय?

मोबदला ठरवताना सरकारी माणूस विचारतो : सातबारा कुणाच्या नावावर? घर कुणाचे? पण गावातली कितीतरी रोजी कुठल्याच उताऱ्यावर नसते. घाटावरच्या गावांत आपल्या समाजाची चार-दोन घरे असतात, मुलाण्याचे, तांबोळ्याचे, पिंजाऱ्याचे, शिकलगाराचे, अत्ताराचे. मुलाण्याला सुगीला खळ्यावर धान्य मिळे. पिंजारी गाद्या भरे, तांबोळी पान विके, शिकलगार विळ्या-सुऱ्यांना धार लावी. कुंभार, न्हावी, सुतार, शेतमजूर हेही त्याच रांगेतले. यांचे भांडवल काय होते? ओळखीची शे-दीडशे घरे आणि त्या घरांचा विश्वास. त्याची नोंद तलाठ्याच्या दप्तरात नव्हती, म्हणून त्याचा मोबदलाही नव्हता.

अख्खे गाव एका जागी हलले असते, तर हे भांडवलही सोबत गेले असते. पण जमीन मिळेल तिथे माणसे पाठवली की एका गावाची चार ठिकाणे होतात. शंभर घरांवर जगणाऱ्याच्या वाट्याला वीस घरे येतात. नव्या ठिकाणी वाणी उधारी देत नाही, कारण त्याला आपण कोण हे माहीत नाही. बाईच्या शेळ्या-कोंबड्या म्हणजे तिच्या हातातला स्वतःचा पैसा. गायरान नाही म्हटल्यावर तोही जातो. मग कालचा कारागीर आज दुसऱ्याच्या बांधावर मजूर होतो.

यातून कायद्याने थोडा धडा घेतला आहे. १ जानेवारी २०१४पासून लागू झालेल्या भूसंपादनाच्या केंद्रीय कायद्यात बाधित कुटुंब म्हणजे फक्त जमीनमालक नव्हे. संपादनाआधी तीन वर्षे त्या भागात राबणारे आणि संपादनामुळे ज्यांची मुख्य उपजीविका बाधित होते असे शेतमजूर, कुळे, कारागीरही त्यात धरले आहेत. कारागीर, छोटे व्यापारी यांना एकरकमी किमान २५ हजार रुपये देण्याची तरतूद आहे. विधवा, तलाकशुदा आणि टाकलेल्या स्त्रिया यांना स्वतंत्र कुटुंब मानले आहे. २५ हजारांत आज धड टपरीही उभी राहत नाही, हे खरे. तरी यादीत नाव असणे मोठी गोष्ट आहे. नाव नसलेल्या माणसाला दाद मागायलाही जागा नसते.

म्हणून ज्यांच्या भागात धरण, कालवा किंवा रस्ता येऊ घातला आहे, त्यांनी एवढे करावे. सर्वेक्षणाच्या दिवशी घरी हजर राहावे आणि आपला धंदा तोंडाने सांगून लिहून घ्यावा. रेशनकार्ड, वीजबिल, आठवडी बाजाराच्या पावत्या, ग्रामपंचायतीचा दाखला जपून ठेवावा. घरातल्या विधवेचे, तलाक झालेल्या लेकीचे नाव वेगळे लावावे. नव्या गावठाणात दफनभूमीची जागा आधीच मागून घ्यावी. चार घरांचा जनाजा दुसऱ्या गावाला न्यावा लागू नये. प्रकल्पग्रस्तांसाठी राज्यात नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी घरातल्या कुणाचे नाव द्यायचे हे ठरवताना शिकलेल्या मुलीचाही विचार व्हावा.

आता थोडे आपल्या उंबऱ्याच्या आतले. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून सरकारने आमची रोजी मोजली नाही, ही तक्रार रास्त आहे. पण आपल्या घरातल्या सातबाऱ्यावर बहिणीचे नाव असते का? सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे, तो भावाच्या मर्जीवर सोडलेला नाही. तरी जमीन होती तोवर ‘तुकडे कसे करायचे?’ म्हणून बहिणींना गप्प केले गेले. मोबदला तर रोख येतो, पैशाला बांध घालावा लागत नाही. तरीही रक्कम मिळण्याआधी बहिणीला माहेरी बोलावून, बिर्याणी खाऊ घालून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. अशा सहीला राजीखुशी म्हणता येईल का, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. माणसांचे हक्क, हुकूकुल इबाद, त्या माणसाने माफ केल्याशिवाय माफ होत नाहीत, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो.

मोबदल्याची रक्कम एकदाच येते. लग्नाच्या थाटात आणि नव्या मोटारसायकलीत ती वर्षभरात संपते, मग ना जमीन उरते ना धंदा. म्हणून पैसा खात्यावर येण्याआधी घरातल्या सगळ्यांनी, बहिणी-लेकींसह, एकत्र बसावे. आधी प्रत्येकाचा हिस्सा काढावा, मग कर्ज फेडावे असे नव्हे. कर्ज आधी फेडावे, मग हिस्से काढावेत आणि उरलेल्यातून नव्या रोजीचा विचार करावा. सरकारकडे हक्क मागायला जाताना आपल्या घरात कुणाचा हक्क अडकलेला नसावा. मग आपल्या मागणीलाही वजन येईल आणि कमाईला बरकतही, इन्शाअल्लाह.