पैशाच्या यंत्राचा नकाशा

एटीएम यंत्र शहरात कोठे बसवावे हे ठरविण्यासाठी अलीकडे संगणकावरील नकाशाचा आधार घेतला जातो. रस्ते, बसस्थानक, बाजारपेठ, लोकवस्ती, इतर बँकांची यंत्रे, जागेचे भाडे असे थर एकावर एक मांडावयाचे, प्रत्येक थराला गुण द्यावयाचे आणि बेरीज जेथे सर्वांत जास्त तेथे यंत्र उभे करावयाचे. साताऱ्यात ही बेरीज पोवई नाक्याकडे आणि सांगलीत विश्रामबागेकडे झुकणार, हे संगणकावाचूनही सांगता येते.

नकाशा निःपक्षपाती असतो, असा एक समज आहे. पण कोणत्या थराला किती गुण, हे मनुष्य ठरवितो आणि ज्याचे वेतन घेतो त्याच्या हिशेबाने ठरवितो. दुसऱ्या बँकेच्या कार्डावर पैसे काढले गेले की यंत्राच्या मालकाला १ मे २०२५ पासून १९ रुपये मिळतात. भाडे, वीज आणि रोकड भरणाऱ्या गाडीचा खर्च भागवावयाचा म्हणून दिवसाचे व्यवहार किती, हा एकच थर बाकीच्या सर्वांच्या डोक्यावर बसतो. २०२४ पासून 'लाडकी बहीण'चे दीड हजार रुपये खात्यात जमा होऊ लागले. ते काढण्यासाठी जत तालुक्यातील शेतमजूर स्त्रीची किती मजुरी बुडते आणि एसटीला किती पैसे जातात, याचा थर त्या नकाशात कोणी घालीत नाही. खानापूर-आटपाडीचे गलाई कामगार देशभरातून घरी पैसे पाठवितात, तीही रक्कम गावच्या लोकसंख्येवरून दिसत नाही. खुद्द सांगली शहरात ऑगस्ट २०१९ च्या महापुराने मध्यवस्तीची बाजारपेठ पाण्याखाली घेतली. तेथे पूररेषेचा थर घालणे हा साधा शहाणपणाचा भाग आहे.

वास्तविक जिल्ह्याचा नकाशा पुढे ठेवून बँकिंगचा विचार करण्याची कल्पना या राज्याला नवी नाही. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने क्षेत्रवार दृष्टिकोनाचा आग्रह धरला. त्यातून अग्रणी बँक योजना आली; साताऱ्याची जबाबदारी बँक ऑफ महाराष्ट्रकडे, सांगलीची बँक ऑफ इंडियाकडे गेली. १९७७ मध्ये तर दंडकच झाला, की बँका असलेल्या ठिकाणी एक शाखा काढावयाची तर बँक नसलेल्या चार ठिकाणी काढल्या पाहिजेत. नकाशा तेव्हाही होता, फक्त रिकाम्या जागेला गुण जास्त होते. १९९० मध्ये तो दंडक गेला. पुढे साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक (स्थापना १९३६) २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये आणि १९१६ ची सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. दोन्ही जिल्ह्यांविषयीचे निर्णय मुंबईच्या टेबलावर गेले. म्हसवडच्या स्त्रियांना मात्र, निरक्षर म्हणून परवाना एकदा नाकारला गेल्यावरही, १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी करता आली. माणसारख्या दुष्काळी तालुक्यात बँक चालत नाही, असे म्हणणाऱ्यांनी म्हसवडला एकदा जाऊन यावे.

बंधन घातले की खाजगी भांडवलही वळते. बिगरबँक कंपन्यांना यंत्रे बसविण्याची मुभा २०१२ मध्ये देताना रिझर्व्ह बँकेने छोट्या गावांचा वाटा बांधून दिला होता. एका योजनेत मोठ्या शहरातील एका यंत्रामागे लहान ठिकाणी तीन, असे प्रमाण होते. हातचे प्रमाण सैल सोडावयाचे आणि मग परवडत नाही म्हणावयाचे, ही जुनी चाल आहे. मोबाइलने व्यवहार होतात, हे उत्तरही अपुरे आहे. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो कामावर गेलेल्या मुलाच्या खिशात आहे, तेथे ते लागू पडत नाही.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची जिल्हा सल्लागार समिती बसते. यंत्रांच्या जागांचा नकाशा, त्याच्या गुणांसह, या समितीपुढे उघड मांडला जावा, अशी मागणी दोन्ही जिल्ह्यांतील शाखांनी करावी. पण रिकाम्या हाताने जाऊ नये. प्रत्येक गावापासून सर्वांत जवळचे यंत्र किती किलोमीटरवर, एसटी दिवसातून किती वेळा, आणि खात्यात पैसे जमा झाल्यानंतरच्या दोन दिवसांत त्या यंत्रात रोकड होती की नव्हती, एवढे तीन रकाने भरण्यास कार्यकर्त्यांना संगणक लागणार नाही. सांगलीत सुरुवात जतपासून व्हावी, साताऱ्यात माणपासून.