पाय मोकळा हवा

गेल्या महिन्यात आमच्या थोरल्याने पहिला पगार हाती येताच सांगितले, "अब्बा, सायकलला क्लिपचे पायडल घ्यायचे आहेत." तो रावेरहून सावद्याला रोज सायकलने कामावर जातो. या वयाचा मुलगा मोटारसायकल मागत नाही, याचेच आम्हाला अप्रूप. म्हणून नाही म्हणण्याआधी समजून घेतले.

या प्रकारात बुटाच्या तळाची छोटी पट्टी पायडलमध्ये खटकन अडकते आणि टाच बाहेर फिरवली की सुटते. ही कल्पना बर्फावरच्या स्कीतून आली. फ्रान्सच्या लूक कंपनीने १९८४ मध्ये असे पायडल आणले, आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनोने ते वापरून टूर द फ्रान्स जिंकली. लांब पल्ल्याला उपयोग खराच. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत पुरी केली. तसल्या शर्यतीत पाय अडकवलेलाच बरा.

पण आपला रस्ता केळीच्या ट्रकांचा, ट्रॅक्टरांचा, मध्येच आडव्या येणाऱ्या शेळ्यांचा. इथे पाय सारखा जमिनीवर टेकवावा लागतो. थोरल्याने मित्राची सायकल आणि बूट दोन दिवस वापरून पाहिले. दुसऱ्या दिवशी पुढची रिक्षा थांबली, याने ब्रेक दाबला, पण पाय सुटलाच नाही. सायकलसकट आडवा! मनगट सुजले. मागे ट्रक नव्हता, अल्हम्दुलिल्लाह. शिकाऊ बहुधा असेच पडतात, वेगात नव्हे, थांबताना. शिवाय ते बूट फरशीवर टकटक वाजतात. जोहरला मशिदीच्या पायरीशी ते काढेपर्यंत जमात उभी राहिली, हे त्यानेच हसत सांगितले.

"मग पावसात पाय घसरतो त्याचे काय?" त्याचा प्रश्न रास्त होता. गुळगुळीत प्लास्टिकचा पायडल घसरतोच. म्हणून रुंद, वर बारीक खिळे असलेले सपाट पायडल घेतले. सीटही वर केली. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय सरळ व्हावा. अर्धी तक्रार तिथेच मिटली.

घरी बसवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या उलट दिशेने आवळतो. आम्ही उगाच जोर लावून आटे घालवणारच होतो.

बुऱ्हाणपूरची मोठी फेरी त्याच्या मनात आहे. एका बाजूने क्लिप, दुसऱ्या बाजूने सपाट असा पायडलही मिळतो म्हणे तो. आधी मनगटाची सूज उतरू दे, म्हटले.