कर्बाचा मालक कोण?

शेतकऱ्याने वरकस जमिनीवर झाडे लावावीत, ती हवेतील कर्बवायू शोषून घेतील आणि शोषलेल्या प्रत्येक टनामागे त्याला पैसे मिळतील, असा प्रस्ताव घेऊन फिरणाऱ्या कंपन्या आता देशाच्या अनेक भागांत दिसू लागल्या आहेत. शाहूवाडीसारख्या तालुक्याला हा प्रस्ताव मोहात पाडणारा आहे. वारणा, कडवी व कासारी यांच्या काठची सपाटी उसाखाली गेली. पण पश्चिमेकडे, आंब्यापासून विशाळगडापर्यंतच्या डोंगरपट्ट्यात भात आणि नाचणी यांच्यापुढे शेतीची मजल फारशी जात नाही आणि तरणी माणसे मुंबई-पुण्याची वाट धरतात. अशा ठिकाणी हवेतून पैसा मिळणार असेल तर तो कोण नाकारील? म्हणूनच व्यवहारापूर्वी एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. या कर्बाचा मालक कोण?

बाजाराची रीत थोडक्यात अशी. एक टन कर्बवायू वातावरणात जाऊ दिला नाही, किंवा तेथून काढून घेतला, की एक 'कार्बन क्रेडिट' तयार होते. ज्या कारखान्याला आपला धूर कमी करणे महाग पडते, तो हे क्रेडिट विकत घेऊन आपल्या हिशेबात जमा धरतो. १९९७ च्या क्योटो कराराने या व्यापाराला जागतिक रूप दिले. त्या काळी आपल्याकडील पवनचक्क्यांनी आणि बगॅसवर वीज निर्माण करणाऱ्या साखर कारखान्यांनीही क्रेडिटे विकली. परंतु २००८ साली वीस युरोंच्या घरात असलेला भाव २०१२ अखेर एका युरोच्याही खाली आला. गुळाच्या सौद्यातील चढउतार पाहिलेल्या कोल्हापूरकराला यात नवल वाटणार नाही. मात्र गुळाची ढेप निदान डोळ्यांना दिसते.

कर्ब दिसत नाही. ऊस उत्पादकाचे कारखान्याशी होणारे भांडण बहुधा वजनकाट्यावर आणि साखरेच्या उताऱ्यावर असते, आणि तेथे तर गाडी काट्यावर उभी असते. येथे माप म्हणजे झाडाचा घेर, उपग्रहाचे चित्र आणि एक गणिती सूत्र. शिवाय हा प्रकल्प नसता तर काय घडले असते, हे कल्पनेने ठरवायचे. जानेवारी २०२३ मध्ये 'गार्डियन' आदी युरोपीय वृत्तपत्रांनी असा दावा केला की, या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या प्रमाणन संस्थेने मान्य केलेल्या वर्षावनांच्या बहुसंख्य क्रेडिटांमागे खरी बचतच नाही. संस्थेने तो नाकारला. पण काट्यावरचा विश्वास एकदा उडाला की भाव पडतो, आणि पडलेला भाव शेवटी झाडे लावणाऱ्याच्या पदरात येतो.

हिशेब करून पाहावा. समजा, हेक्टरी वर्षाला पाच टन कर्बवायू शोषला गेला आणि टनास ८०० रुपये मिळाले, तर ४,००० रुपये होतात. त्यातून मोजणी, तपासणी, नोंदणी आणि मध्यस्थाचा वाटा वजा करावा, आणि उरलेल्या रकमेपोटी वीस-तीस वर्षे त्या जमिनीवर कुऱ्हाड न चालवण्याचे बंधन शेतकऱ्याने स्वीकारायचे आहे, हेही ध्यानात घ्यावे.

आणखी एक विचित्र गोष्ट आहे. हा बाजार नव्याने पडलेल्या भरीचे पैसे देतो. उभ्या जंगलाचे द्यायचे तर ते तोडले जाण्याचा धोका दाखवावा लागतो. म्हणजे ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या देवराई राखली त्याला काही नाही, आणि ज्याचा डोंगर पूर्वीच बोडका झाला तो रोपे लावून पात्र ठरतो. चांदोलीचे अभयारण्य १९८५ साली झाले, २००४ साली राष्ट्रीय उद्यान बनले आणि २०१० साली कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. त्यापायी गावे उठली. जंगल राखण्याची किंमत त्या माणसांनी आधीच मोजली आहे. उद्या त्या जंगलाच्या कर्बाला भाव आलाच, तर त्यांचा वाटा कोणी धरला आहे काय?

मालकीच्या या प्रश्नाला काही बेटराष्ट्रे आपल्याआधी सामोरी गेली. पापुआ न्यू गिनीत सुमारे ९७ टक्के जमीन कुळांच्या परंपरागत मालकीची आहे. उभे जंगल राखण्याचा मोबदला जगाने द्यावा, ही मागणी याच देशाने कोस्टा रिकासह २००५ साली मॉन्ट्रियल येथे मांडली. पाठोपाठ दलाल आले, कुळांकडून कागदांवर सह्या घेऊ लागले. अखेर मार्च २०२२ मध्ये सरकारने नव्या खासगी प्रकल्पांना स्थगिती देऊन नियम करावयास घेतले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सिंगापूरशी सरकारी पातळीवर करार केला. सिंगापूरही बेटच, पण ते गिऱ्हाईक आहे. तेथे धुरावरील कर २०१९ साली टनास पाच सिंगापुरी डॉलर होता, तो २०२४ साली पंचवीस झाला, आणि करपात्र धुराच्या फक्त पाच टक्क्यांपर्यंत परदेशी क्रेडिटे चालतात. आपण किती घेणार आणि कोणत्या अटीवर, हे घेणाऱ्याने आधी ठरवून ठेवले आहे.

विकणाऱ्या भारताचे काय? २०२२ साली ऊर्जासंवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जून २०२३ मध्ये कर्ब-व्यापाराची योजना अधिसूचित झाली. तिचा मुख्य रोख कारखान्यांवर आहे. २०१५ च्या पॅरिस कराराच्या चौकटीत परदेशास दिलेला टन देशाच्या स्वतःच्या खात्यातून वजा करावा लागतो. इकडे भारताने २०३० पर्यंत वने व वृक्ष यांच्याद्वारे अडीच ते तीन अब्ज टन जादा कर्बवायू शोषण्याचे वचन दिले आहे. त्यामुळे फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने परदेशी व्यवहारांसाठी जी यादी ठरवली, तीत वनीकरण नव्हते, हे समजण्यासारखे आहे. परिणाम मात्र असा की, डोंगरातील शेतकऱ्याच्या वाट्याला खासगी कंपनीचा ऐच्छिक बाजार आणि तिनेच लिहिलेला करार येतो.

मार्ग नाही असे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा आपला बांबू आपण विकू लागली. बांबूच्या बाबतीत जे झाले ते कर्बाच्या बाबतीत होण्यास तत्त्वतः अडचण नसावी. सामूहिक जमिनीचा करार ग्रामसभेच्या ठरावाशिवाय होऊ नये, तो मराठीत असावा, मध्यस्थाच्या वाट्यावर मर्यादा असावी, एवढे राज्य सरकारला ठरवता येईल. खासगी जमिनीसाठी दूध संघांच्या धर्तीवर सहकारी संस्था हवी. एकट्या शेतकऱ्याला तपासणीचा खर्च झेपणारा नाही. आणि रोपे लावल्यापासून पहिला हप्ता हाती येईपर्यंत चार-पाच वर्षे जातात. तेवढा काळ निंदणी, पाणी आणि राखणीसाठी कर्ज कोण देणार, हे जिल्हा बँकेने आताच सांगितलेले बरे.