आखाडा, राक्षस आणि आळशी डीएम

"आता सगळे सतराव्या लेव्हलला पोचलेत ना, मग चार-सहा सेशन मस्त अरीना करू या. स्टोरीबिरी नको, नुसती मारामारी!"

हे वाक्य मी आत्तापर्यंत तीन वेगवेगळ्या डीएमकडून ऐकलंय. तिन्ही ग्रुप पुढच्या दोन-तीन महिन्यांत थंड पडले. तुम्ही योगायोग म्हणा हवं तर, मी म्हणणार नाही.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ सालापासून आहे. टेबलाभोवती पाच-सहा जण, फासे, कागद, चिप्सची पाकिटं. एक जण डीएम, म्हणजे आपल्याकडचा सूत्रधार. बाकीचे एकेक कॅरेक्टर चालवतात. लेव्हल एक ते वीस. पहिल्या लेव्हलला दोन गॉब्लिन भेटले तरी जीव मुठीत धरून पळायची पाळी. सतराव्या लेव्हलला विझार्डच्या हातात नवव्या पायरीची जादू येते, म्हणजे उल्का पाडणं, वेळ थांबवणं आणि 'विश'. एवढी ताकद हातात असलेल्या लोकांचं करायचं काय, हे भल्याभल्या डीएमना सुचत नाही. तयार पुस्तकांचीही फारशी मदत नाही. 'कर्स ऑफ स्ट्राड' (२०१६) सारखं गाजलेलं पुस्तकसुद्धा दहाव्या लेव्हलला हात वर करतं. मग सोपा उपाय म्हणून आखाडा. एक गोल मैदान, भोवती प्रेक्षक, दर शनिवारी नवा राक्षस. झालं कॅम्पेन!

माझं भांडण आखाड्याशी नाहीच. ते 'सोपा उपाय' या दोन शब्दांशी आहे.

आधी वेळेचा हिशोब बघा. या खेळातला एक राउंड म्हणजे सहा सेकंद. आमच्या टेबलावर या लेव्हलला एकाचा टर्न पाच-सहा मिनिटं चालतो, कारण प्रत्येकापुढे पर्यायांची ही भली मोठी यादी असते. पाच खेळाडू, वर डीएमचे राक्षस, म्हणजे अर्धा तास एका राउंडला. चार तासांत सात-आठ राउंड. म्हणजे शनिवारची अख्खी दुपार घालवून तुम्ही त्या जगातली पाऊण मिनिटं जगता. कोणी ऑन-कॉल सांभाळून आलंय, कोणी लहान मुलाला आजीकडे सोडून, कोणी हिंजवडीहून दीड तास गाडी हाणत. त्या पाऊण मिनिटात नुसती बेरीज-वजाबाकी असेल तर पुढच्या शनिवारी "अरे, जरा घरचं काम निघालं" असा मेसेज येणारच. मेसेज टाकणाऱ्याची काय चूक?

यावर डीएम लोकांचा पहिला उपाय म्हणजे राक्षस मोठा करा, एचपी दुप्पट करा. च्यायला, चुकीच्या लिहिलेल्या क्वेरीला जास्त रॅम देऊन ती सुटते का? टॅरास्कचंच उदाहरण घ्या. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला सगळ्यात भयानक प्राणी, चॅलेंज रेटिंग ३०, एचपी ६७६, एसी २५. पण त्याला ना पंख, ना लांबून मारायला काही. पाचव्या लेव्हलच्या विझार्डला मिळणारी 'फ्लाय' लावून वर जा आणि निवांत वरून मारत बसा. खाली तो बिचारा उड्या मारतोय. २०२५ च्या नव्या पुस्तकात त्याला १५० फुटांपर्यंत पोचणारी गर्जना दिली, म्हणजे छापणाऱ्यांच्याही उशिरा का होईना लक्षात आलं. शिवाय एकटा राक्षस पाच जणांसमोर म्हणजे त्याच्या एका टर्नला आपले पाच. लेजंडरी ॲक्शन देऊन हे थोडं झाकता येतं, भरून निघत नाही. एचपी दुप्पट केल्याने फक्त चार तासांचे सहा तास होतात.

दुसरा उपाय त्याहून वाईट. "या आखाड्यात कोणी उडायचं नाही. टेलिपोर्ट बंद. अख्खं मैदान अँटिमॅजिक." का? तर "बॅलन्ससाठी". अरे, त्या पोरीने दीड वर्ष घालवून तिचा विझार्ड सतराव्या लेव्हलपर्यंत आणला. आणि जिथे ती जादू शेवटी पन्नास हजार लोकांसमोर दाखवायची, नेमकं तिथेच तुम्ही तिच्या हातात काठी देऊन उभं करताय? ही शुद्ध फसवणूक आहे. फायटरचंही नुकसानच, त्याची जादूची तलवार तिथे साधं लोखंड होते.

बंदी घालू नका, किंमत लावा. उडायला पूर्ण परवानगी, पण गुण मिळणार ते वाळूवर पाय असलेल्यालाच. हवेत गेलास की प्रेक्षक हुर्यो उडवणार आणि बिदागी निम्मी. मग बघा, 'फ्लाय' लावू की नको यावर टेबलावर किती वेळ डोकी लढतात. त्या पाच मिनिटांचा कोणाला कंटाळा येत नाही.

आता आखाड्याची खरी गंमत, जी कोणी वापरतच नाही. इथे प्रत्येक लढत सगळ्यांसमोर होते. डोंगरातल्या गुहेतल्या ड्रॅगनला तुमची युक्ती माहीत नसते, पण आखाड्यातल्या पुढच्या प्रतिस्पर्ध्याने ती मागच्या आठवड्यात तिकीट काढून पाहिलेली असते. 'फोर्सकेज' घ्या. २०१४ च्या नियमांत त्यात अडकण्यापासून वाचायला सेव्हिंग थ्रोच नाही. (२०२४ च्या पुस्तकात ती कॉन्सन्ट्रेशनची करून जरा आवर घातलाय.) डीएम वैतागतात, ती जादूच बाद करतात. कशाला? एकदा वापरू द्या, टाळ्या पडू द्या. पुढच्या लढतीला समोरचा माणूस काउंटरस्पेलची तयारी ठेवून येईल. हे रडीचं वाटत नाही, कारण खेळाडूंनाही समोरच्याची मागची लढत बघायची, त्याच्या नोकराला चार नाणी चारायची तेवढीच मोकळीक आहे. शुक्रवारी व्हॉट्सअ‍ॅपवर "त्या कवटीवाल्या बाईकडे दोन रिॲक्शन कशा?" असली चर्चा सुरू झाली की समजा कॅम्पेन चाललं. आपल्या जत्रेतल्या कुस्त्यांत जोड लावणारा वस्ताद असतो ना, डीएमने ते काम करायचं. कोणासमोर कोणाला उभं करायचं आणि का, यातच निम्मी गोष्ट असते.

"पण मग जिवाची भीती कशी आणणार?" नका आणू. या लेव्हलला मरण म्हणजे खर्चाची बाब. क्लेरिकला तेराव्या लेव्हलला 'रिझरेक्शन' मिळतं, हजार सुवर्णनाण्यांचा हिरा लागतो, माणूस उठून बसतो. "मराल हां!" या धमकीला कोणी भीक घालत नाही.

त्यापेक्षा रोमकडे बघा. कोलोसियमचं उद्घाटन इ.स. ८० मध्ये टायटसने केलं. त्या खेळांतल्या प्रिस्कस आणि व्हेरस या जोडीबद्दल मार्शल या कवीने लिहून ठेवलंय. दोघे बराच वेळ लढले, कोणी हटेना, शेवटी दोघांनीही हार मानली आणि बादशहाने दोघांनाही लाकडी तलवार, म्हणजे सुटकेची खूण, दिली. दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. दुसऱ्या शतकातला गायस नावाचा कायदेपंडित विद्यार्थ्यांना एक प्रश्न घालतो. ग्लॅडिएटर पुरवताना करार असा की धडधाकट परत आला तर माणशी २० दिनार, मेला किंवा लुळा झाला तर १०००. मग हे भाडं की विक्री? त्याचं उत्तर असं की परत आला तर भाडं, नाहीतर विक्री.

वाचून अंगावर काटा आला की नाही? हा एक करार तुमच्या आखाड्यात आणा. तुमचे पाच महाबली वाळूवर उतरतात, समोर भाड्याने आणलेली बारा माणसं. त्यांना मारणं दोन राउंडचं काम. पण प्रत्येक मेलेल्यामागे तुमच्याच आश्रयदात्याला पन्नासपट भरायचंय आणि ज्याला पैसे मिळणार तो सावकार गावातला सगळ्यात नीच माणूस आहे. आता 'मीटिओर स्वॉर्म' टाका बघू! जिंकायचंय, गर्दीला खूश ठेवायचंय आणि समोरच्यांना जिवंतही ठेवायचंय. सतराव्या लेव्हलच्या ताकदीला हे ओझं पेलतं. पाचव्या लेव्हलच्या पोरांना नाही झेपणार. "आखाड्यात रोलप्ले नसतो" असं नाक मुरडणाऱ्या मंडळींनी हा प्रसंग एकदा चालवून बघावा आणि मग बोलावं.

आणि धोका वाळूवरच असायला हवा असं कोणी सांगितलं? डार्क सन या वाळवंटी जगात, १९९१ मध्ये, ट्रॉय डेनिंगच्या 'द व्हर्डंट पॅसेज' या कादंबरीत टिर शहराचा जादूगार-राजा कालाक खेळ भरवतो ते जमलेल्या गर्दीचा जीव शोषून स्वतः ड्रॅगन व्हायला. ग्लॅडिएटर रिकसचा भाला समोरच्या पहिलवानाला नाही, राजाला लागतो. (तीस वर्षांहून जुनं पुस्तक आहे, स्पॉयलरची तक्रार चालणार नाही.) उंच लेव्हलच्या कॅम्पेनचा शेवटचा राक्षस बसायला राजाच्या सज्जासारखी दुसरी जागा नाही. पहिल्या सेशनपासून तो सगळ्यांना दिसतोय, हात हलवतोय, बक्षीस देतोय. खेळाडूंना हवं तेव्हा ते त्याच्यावर उडी घेऊ शकतात. तिसऱ्या सेशनलाच घेतली तर घेऊ द्या.

"एवढी तयारी करायला वेळ कुणाकडे आहे?" असं विचाराल, तर दर आठवड्याला राक्षसांचे एचपी एक्सेलमध्ये वाढवत बसण्यापेक्षा याला कमीच लागतो. सहा प्रतिस्पर्धी, प्रत्येकाची एक माहीत असलेली आणि एक लपवलेली युक्ती. एक करार, पैसे देणारा एक माणूस, सज्जात बसलेला एक. मैदानाखालचे दोन-तीन सरकते दरवाजे, जे इनिशिएटिव्ह २० ला उघडतात. एका कागदाच्या एका बाजूवर मावतं. मागची बाजू रिकामी राहिली तर जखमी लोकांवर पट्ट्या बांधणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव लिहून ठेवा. दुसऱ्या सेशनला कोणीतरी ते विचारणारच.