कॅप पांढरी होत नसते!

मंडळी, आज जरा रागातच लिहिते आहे.

धाकट्या बहिणीच्या नातीचं लग्न ठरलंय. "अक्का, फोटोत माझे दात पिवळे दिसतात म्हणे," असं म्हणत ती एका दवाखान्यात दात पांढरे करायला गेली. परत आली ती तोंडावर पदर धरूनच. पुढच्या दोन दातांवर जुन्या कॅप आहेत. बाकीचे दात उजळले आणि नेमके मधले दोन पिवळट राहिले! आधी सगळे एका रंगाचे तरी होते.

यात चमत्कार काही नाही. पेरॉक्साइडचं औषध खऱ्या दातात मुरतं आणि आतला रंग फिका करतं. सिरॅमिकची कॅप म्हणजे कपबशीच. निळी कपबशी कितीही घासा, पांढरी होईल का? वरचा चहाचा थर निघेल, एवढंच. म्हणून आधी दात उजळायचे, दोनेक आठवडे रंग स्थिर होऊ द्यायचा, मग त्याला जुळणारी नवी कॅप बसवायची. म्हणजे आणखी खर्च. हे पैसे घेण्याआधी सांगायला काय जात होतं?

"मावशीने विचारायला हवं होतं," असं एक भाचे म्हणाले. अहो, विचारायला आधी माहीत असावं लागतं! तोंड उघडल्यावर कॅप दिसते ती डॉक्टरांना.

आम्हा कवळीवाल्यांची आणखीच तऱ्हा. सोडा, लिंबू, कोळशाची पूड... रोज एक नवा उपाय मोबाईलवर येतो. खरखरीत पुडीने कवळीवर ओरखडे पडतात आणि त्यातच चहा-हळद जाऊन बसते. उकळत्या पाण्यात ती वाकडी होते. मऊ ब्रश, साधा साबण, रात्री गार पाण्यात. पुरे.

आमच्या लहानपणी बायका मिश्री लावत, दात काळे होत. मंजनात तंबाखू घालायला १९९२ साली सरकारने बंदी केली, ते योग्यच झालं. तो रोगाचा प्रश्न होता. पण वयाबरोबर दातावरचं कवच झिजतं, आतला पिवळसर भाग दिसू लागतो. हा काही रोग नव्हे.

तेव्हा पोरांनो, आजीच्या फोटोवर दातांची चर्चा बंद करा. कडक भाकरी आमटीत कुस्करून, वर शेंगाचटणी घेऊन आम्ही मजेत जेवतो. लग्नात माझ्या बहिणीने पदर खाली सोडून हसावं, एवढंच मला हवं आहे.

असो. तुमच्या घरीही कुणाच्या दातांवर कॅप असेल तर हे वाचून दाखवा.