सुईआधी सबुरी

अवटू ग्रंथीत, म्हणजे रोजच्या बोलण्यातील थायरॉइडमध्ये, होणाऱ्या कर्करोगांपैकी पॅपिलरी हा प्रकार सर्वाधिक आढळणारा आणि बहुधा संथ वाढणारा असून, त्याची गाठ एक सेंटिमीटर किंवा त्याहून लहान असल्यास तिला सूक्ष्म कर्करोग म्हणतात. अशी गाठ हाताला क्वचितच लागते. भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती सापडते. दक्षिण कोरियात तपासण्यांचे पेव फुटल्यावर १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाचे निदान सुमारे पंधरा पटींवर गेले, मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले.

संपूर्ण ग्रंथी काढल्यास थायरॉक्सिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते, स्वरयंत्राची नस दुखावल्यास आवाज बसतो, आणि शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का लागल्यास रक्तातील कॅल्शियम उतरून बोटांना मुंग्या येतात. म्हणूनच रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशनचे, म्हणजे विद्युत्प्रवाहाच्या उष्णतेने गाठ जागच्या जागी जाळण्याचे, आकर्षण वाढले आहे. तेवढ्याच जागेला भूल देऊन, सोनोग्राफीच्या पडद्यावर नजर ठेवून सुईसारखा इलेक्ट्रोड गाठीत नेतात. नस भाजू नये म्हणून ती आणि ग्रंथी यांच्यामध्ये डेक्स्ट्रोजचे द्रावण सोडतात, कारण मिठाच्या सलाइनमधून वीज सहज वाहते. रुग्ण जागा असल्याने डॉक्टर त्याला मधूनमधून बोलते करतात आणि आवाज बदलताच हात आवरतात.

तंत्र कौतुकास्पद आहे, परंतु त्याच्या यशाचे आकडे जपानच्या कोबे शहरातील कुमा रुग्णालयाच्या अनुभवाशेजारी ठेवूनच वाचले पाहिजेत. तेथे १९९३पासून अशा रुग्णांना शस्त्रक्रियेऐवजी नियमित देखरेखीचा पर्याय दिला गेला. दहा वर्षांत शंभरांपैकी सुमारे आठ जणांचीच गाठ तीन मिलिमीटर किंवा अधिक वाढली, जवळपास चौघांच्या मानेतील लसिकाग्रंथींत रोग दिसला, आणि ज्यांच्यावर पुढे शस्त्रक्रिया करावी लागली त्यांचेही उशिराने नुकसान झाले नाही. वाढीची शक्यता तरुणांत अधिक, साठी उलटलेल्यांत सर्वांत कमी आढळली, हे तर सर्वसाधारण समजुतीच्या अगदी उलट. जी गाठ बहुतेकांत वाढणारच नव्हती, ती जाळून ‘पुन्हा वाढली नाही’ असे सांगण्यात सुईचे श्रेय किती, हा प्रश्न उरतोच. शिवाय जाळलेल्या गाठीचा संपूर्ण नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येत नाही.

गाठ श्वासनलिकेला किंवा स्वरयंत्राच्या नसेला भिडली असेल, अथवा लसिकाग्रंथी बाधित असतील, तर मात्र शस्त्रक्रियेला पर्याय शोधू नये. इतरांसाठी, विशेषतः पुणे जिल्ह्यातील वराळ्यासारख्या गावात, खरी अडचण देखरेख टिकवण्याची आहे. सोनोग्राफीसाठी तळेगाव दाभाडे जवळ आहे, तेथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही आहे. परंतु दर वेळी केंद्र बदलले आणि जुने अहवाल हरवले, तर दोन मिलिमीटरचा फरक गाठीचा की मोजणाऱ्याच्या हाताचा, हे कोणालाच सांगता येत नाही. रुग्णांनी सर्व अहवाल एकाच फाइलमध्ये जपावेत, शक्यतो एकाच तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी, आणि सुई किंवा सुरी सुचवली गेल्यास, सहा महिने थांबल्याने नेमके काय बिघडेल, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.